देवावर हवाला: महाडचा पूर आणि टिळकांचं घर

ज्यांना कानात इअरफोन घालायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

आज सुरुवात माझ्या घरापासून करते. २२ जुलै २०२१. मी पुण्यात, एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहत होते. आमचं घर महाडच्या बाजारात, खाली दुकान, वर आम्ही. पोलादपूर माझं आजोळ. संध्याकाळी आईचा फोन आला, "पाणी पायरीला लागलंय, आम्ही वर सामान चढवतोय. तू काळजी करू नको." फोन कट. त्यानंतर लागलाच नाही. वीज गेली, टॉवर गेले, अख्खं महाड फोनवरून गायब झालं.

मग मी जे केलं ते तुमच्यापैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी केलं असेल. सहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ट्विटर, पावसाचे आकडे, महाबळेश्वरला किती पडला, भरती किती वाजता. दर दोन मिनिटांनी रिफ्रेश. मी पाहायचं थांबवलं तर पाणी अजून वर चढेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तळियेची बातमी आली तेव्हा तर हात थंड पडले. आमच्याच तालुक्यातलं गाव. दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या होत्या, आजोळचा फोनही बंद.

माझी मैत्रीण नगरची. मराठी ख्रिस्ती घरातली. ती गादीवर बसून मनातल्या मनात प्रार्थना करत होती. रात्री दीडच्या सुमारास म्हणाली, "अगं, फोन खाली ठेव जरा. सोपव देवावर."

मी फटकन बोलले. "ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांना सांग जाऊन."

ती गप्प बसली. उठून चहा टाकला. आणि मग, हे मला नंतर कळलं, तिने माझ्याबरोबर यायला स्वतःची बॅग भरली. वाटा बंद होत्या, तिसऱ्या दिवशी ताम्हिणीने माणगावला उतरून आम्ही पोचलो. आई, बाबा, आजोळची माणसं सगळी जिवंत होती. दुकान चिखलाने भरलं होतं. पुढचे पाच दिवस ती मुलगी आमच्या घरात फावड्याने गाळ ओढत होती, आणि रात्री डोकं टेकलं की दोन मिनिटांत झोपत होती. मी मात्र छताकडे बघत पडायचे.

मला तिच्या त्या झोपेचा हेवा वाटला, खरं सांगते. आणि प्रश्न पडला की "देवावर सोपवणं" ही नक्की काय भानगड आहे. हात टेकणं आहे का? की स्वतःची समजूत? आजचा भाग त्या प्रश्नाचा आहे. उत्तर शोधायला मी चर्चमध्ये गेले नाही. माझा पिंड इतिहासाचा, मी पुस्तकांत गेले.

आधी एक शब्द. मराठीत जुना वाक्प्रचार आहे, देवावर हवाला ठेवणे. आज हवाला म्हटलं की काळा पैसा आठवतो. मूळ अर्थ सुपूर्द करणं, दुसऱ्याच्या ताब्यात देणं. वारकऱ्यांच्या तोंडी भार विठोबावर टाकण्याची भाषा शतकानुशतकं आहे. म्हणजे ही कल्पना आपल्याकडे बोटीतून आली नाही.

ख्रिस्ती धर्माचा एक धागा मात्र बोटीतून आला, आणि तो आमच्याच नदीच्या मुखाशी उतरला. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. या बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनचं काम सुरू झालं. पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. पुढे मुंबईत शाळा-कॉलेज काढणारे जॉन विल्सन १८२९ साली आले तेव्हा त्यांनीही मराठीचे धडे याच बाणकोट-हर्णैच्या भागात गिरवले. मिशन लवकरच घाट चढून पुण्याला गेलं. आमच्या भागात त्याची फारशी खूण राहिली नाही, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

कारण खरी गोष्ट आहे एका कोकणी ब्राह्मण कवीची आणि त्याहून जास्त त्याच्या बायकोची. नारायण वामन टिळक. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. नाही, लोकमान्य नव्हेत, दर वेळी कमेंटमध्ये कुणीतरी विचारतंच. शाळेत शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीची कविता होती ना, जी वाचून वर्गात मुली रडायच्या? ते हे टिळक.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीच्या शोधात रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन माणूस. गप्पा झाल्या, कवितांवर झाल्या, धर्मावर झाल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि तुम्ही एक दिवस ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं असणार, पण पुस्तक वाचतो असं कबूल केलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयच्या शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचन आहे, पाच ते सात अध्याय. तिथे ते अडकले. पुढे त्यांनीच सांगितलंय की त्या पानांवरून त्यांना हलवेना.

आता गंमत बघा. याच प्रवचनात, सहाव्या अध्यायाच्या शेवटी, काळजीबद्दलचा तो प्रसिद्ध भाग येतो. मी तो माझ्या शब्दांत सांगते: पाखरं पेरत नाहीत, कणगी भरत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. रानातली फुलं सूत कातत नाहीत, तरी राजापेक्षा देखणी दिसतात. मग उद्याचं ओझं आज कशाला उचलता? फुलांवर आणि पाखरांवर जीव असलेल्या कवीच्या हातात ही पानं पडली. ती त्याला भिडली नसती तरच नवल.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंचं लग्न १८८० साली, अगदी लहानपणी झालेलं. पदरी लहान मुलगा दत्तू. नवरा बाटला म्हटल्यावर त्या काळात त्या घरावर काय कोसळलं असेल याचा अंदाज करा. पुढची काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. मग हळूहळू, आधी वेगळी चूल, वेगळं पाणी, असं करत नवऱ्याजवळ नगरला राहू लागल्या आणि १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. कुणी ओढून नेलं म्हणून नव्हे. त्यांचं त्यांना पटायला पाच वर्षं लागली.

हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लिहिलंय. माझ्या मैत्रिणीने चिखल काढून पुण्याला परतल्यावर मला हेच पुस्तक दिलं. मी म्हटलं, तुझ्या धर्माचं आहे का? ती म्हणाली, "आहे, पण तू हसशील." आणि मी खरंच हसले. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, लिहायचं मोठेपणी शिकल्या, आणि मराठीत नवऱ्याची अशी चेष्टा इतक्या प्रेमाने कुणी केली नसेल.

कारण टिळकांचं देवावर सोपवणं हे घरात राहणाऱ्यांना महाग पडायचं. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे. कुणी गरजू दिसला की खिसा रिकामा. पाहुणे, अनाथ मुलं, कवी, घर सदा भरलेलं. बालकवी ठोंबरे, हो, श्रावणातल्या हिरवळीवर लिहिणारे बालकवी, याच घरात राहिलेले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं जपलं. टिळक उद्याची चिंता करत नव्हते हे खरं. पण उद्या सकाळी डब्यात पीठ आहे का हे बघणारं कुणीतरी होतं, म्हणून ते जमत होतं.

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. माझ्या आईने त्या पुराच्या दिवशी काय केलं ते आठवलं. बाबा गॅलरीत उभे राहून "आपल्या हातात काय आहे" म्हणत होते, आणि आईने घराची कागदपत्रं, औषधं, दोन दिवसांचं पिण्याचं पाणी आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना वरच्या मजल्यावर आणलं होतं. दोघंही देवावर सोपवत होते म्हणा. पण एकाच प्रकारे नाही.

टिळकांवर मी अन्याय करतेय असं वाटेल, म्हणून हेही सांगते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' नावाचा एक मोकळा मेळा सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त येऊ शकतील. वय पन्नाशीच्या पुढे. तब्येत खालावलेली. हा निव्वळ भाबडेपणा नव्हता. परदेशी पैशावर आणि परदेशी साहेबाच्या परवानगीवर चालणारा ख्रिस्ती धर्म त्यांना नको होता. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत घेऊन आलेला पूल होता असं मानणारा हा माणूस. पगार सोडणं म्हणजे त्या साहेबी व्यवस्थेचा हात सोडणं होतं. मला यात धाडस दिसतं. फक्त दुसऱ्या टोकाला दोरी कुणी धरली होती, हेही दिसतं.

आता दुसरी व्यक्ती. पंडिता रमाबाई. यांच्यावर वेगळा भाग करायचाय, पण आजच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर मला त्यांच्याकडे मिळालं, म्हणून त्यांना टाळता येत नाही.

रमाबाईंचं बालपण म्हणजे नियंत्रण सुटत जाण्याची गोष्ट. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान, पुराण सांगत देशभर फिरणारं कुटुंब. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे लोक उपासमारीला लागले. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, हजारो मैल पायी. पंजाबात झेलमच्या काठी थंडीतून वाचायला दोघांनी वाळूत खड्डे केले आणि गळ्यापर्यंत स्वतःला वाळूने झाकून रात्र काढली, असं त्यांनी लिहिलंय. मग १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मांडीवर मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्या स्वतःच म्हणतात की आपल्याला शांती मिळाली ती त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. धर्म बदलला, मन तिथेच होतं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. विश्वास म्हणजे स्विच नाही, दाबला आणि काळजी बंद.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला नेलं. पैसे अमेरिकेतून यायचे. तिथल्या एका संस्थेने दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं, म्हणजे १८९८ पर्यंत. रमाबाई हिशेबी बाई. त्यांनी विचार केला, दहा वर्षांनंतर काय? म्हणून दौंडजवळ केडगावला जमीन घेतली. फळबाग लावायची, झाडं मोठी होतील, फळांच्या उत्पन्नावर सदन चालेल. आपण एसआयपी सुरू करतो ना, अगदी तसं.

त्याच काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं. या माणसाने हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कुणाकडेही देणगी मागितली नाही, फक्त प्रार्थना केली. रमाबाईंना प्रश्न पडला, हे हिंदुस्थानात होऊ शकेल का?

बाग फळं द्यायच्या आत १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येत होत्या. तिजोरीत पैसा नव्हता, जागा नव्हती, अमेरिकेचं वचन संपत आलं होतं. कुठल्याही शहाण्या मॅनेजरने सांगितलं असतं, थांबा. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या, शेकड्यांनी. पुण्यात प्लेगचे निर्बंध, तिथे ठेवता येईना. मग त्या मुली गेल्या केडगावच्या शेतावर, गवताच्या झोपड्यांत. ज्या जमिनीवर भविष्याची तजवीज म्हणून बाग लावली होती, तिथेच 'मुक्ती' उभी राहिली. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या आसपास, तिथे सुमारे दोन हजार जीव होते.

इथे माझं मत बदललं. मी समजत होते की सोपवणं म्हणजे प्लॅन न करणं. रमाबाईंनी प्लॅन केला, मन लावून केला, आणि जेव्हा दाराशी भुकेली माणसं आली तेव्हा तो प्लॅन मोडायला तयार झाल्या. आणि मोडल्यावर प्रार्थना करत बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, हातमाग लावले, तेलघाणा काढला, छापखाना घातला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं आणि ते मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं.

सुखान्त हवा असेल तर तो इथे नाही. संस्था पुढे मनोरमा चालवेल असं ठरलं होतं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, बायबलच्या शेवटच्या प्रुफांचं काम होत आलं तेव्हा. ज्यांना वाटतं की देवावर सोपवलं की देव आपल्या मनासारखं करतो, त्यांनी ही दोन वर्षं बघावीत.

आता परत महाडला येऊ, कारण आमच्या गावाचा या विषयावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो न सांगता हा भाग संपवला तर माझ्या गावचे लोक मला सोडणार नाहीत. चवदार तळं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेही नंतर तळं खुलं केल्याचं कागदावर म्हटलं. प्रत्यक्षात कुणाला पाणी भरू दिलं गेलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

या माणसांना शतकानुशतकं हेच सांगितलं गेलं होतं, देवाने ठेवलंय तसं राहा. "सोपव" हा शब्द वरच्याने खालच्याला सांगितला की त्याचा अर्थ "गप्प बस" होतो. त्या रात्री मी मैत्रिणीवर खेकसले त्यात थोडं हे महाडचं रक्त होतं, असं मला वाटायचं. मी तिला हे पुढे एकदा बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मी तुला पाणी ओसरायची वाट बघ म्हणाले होते का? फोन ठेव म्हणाले होते."

बरोबर होतं तिचं. फोनने मी कुणाला वाचवत नव्हते. फावडं हातात आल्यावर जे करायचं ते दोघींनी केलं. फरक एवढाच की ती झोपू शकत होती. सत्याग्रहाची आणि या विश्वासाची सरमिसळ मला करायची नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पण रमाबाईंना केडगावात बघितल्यावर "सोपवणं म्हणजे सोसणं" असं सरसकट म्हणायची माझी हिंमत होत नाही.

एक गोष्ट राहिली, लक्ष्मीबाईंची. देवाचा दरबार नीट मूळ धरायच्या आत, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत वारले. मागे धड ना पैसा ना घर. होतं काय, तर 'ख्रिस्तायन' नावाचं अर्धवट महाकाव्य, ख्रिस्ताचं चरित्र ओव्यांमध्ये. टिळकांचे जेमतेम काही अध्याय झाले होते. कधीही शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढचे साठाहून जास्त अध्याय स्वतः लिहिले. ज्या माणसाने आयुष्यभर उद्याची जबाबदारी देवावर टाकली, त्याचं राहिलेलं काम पुन्हा एकदा याच बाईंच्या ओट्यात आलं. आणि 'स्मृतिचित्रे' वाचून सांगते, त्यात कडवटपणा नाही. नवऱ्याची थट्टा आहे, राग आहे, आणि तरीही त्याच देवावर त्यांचाही हवाला आहे. फक्त त्यांचा हवाला डाळ-तांदूळ मोजून झाल्यावरचा आहे. मला त्यांचाच जवळचा वाटतो.

२ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल रात्री वाहून गेला, दोन एसटी आणि एक गाडी घेऊन. तेव्हापासून आमच्याकडे पावसाळी रात्री कुणी प्रवासाला निघालं की घर जागं असतं. आई अजूनही जूनच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्रांची पेटी माळ्यावर चढवते, टॉर्चचे सेल बदलते, देवापुढे दिवा लावते आणि दहाला झोपते. मी पुण्यातून भरतीची वेळ बघते. गेल्या पावसात एका रात्री बघितली नाही. दुसऱ्या दिवशी बघितली.

तुमच्या घरी 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत असेल तर आजी-आजोबांना विचारा, बहुतेक माळ्यावर निघेल. पुढच्या भागात रमाबाई, यावेळी सविस्तर. तोवर, येते मी.